तुम्ही म्हणाल तसं

मी कंडक्टर होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझा जितका राग मला येतो तितका तुम्हालाही येईल.

सातारा–म्हसवड ही माझी गाडी. सुट्ट्या पैशांवरून भांडायचं, दारात लोंबकळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना कानाला धरून आत ओढायचं, बायकांच्या सीटवर ऐसपैस बसलेल्या बाप्यांना उठवायचं, हे माझं रोजचं काम. एकदा एका पुढाऱ्याला मी दहिवडीपर्यंत उभं राहून यायला लावलं होतं, कारण त्यानं बळकावलेली जागा एका बाळंतिणीची होती. आमचे ड्रायव्हर कदममामा म्हणायचे, “वैशाली, आपल्या गाडीला हॉर्न कशाला पायजे? तू हायस की.”

अशी मी. आणि डॉक्टरांनी मला आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न विचारला, तेव्हा मी मान खाली घालून म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं.”

सांगलीला तपासणीसाठी गेले की बाकावर शेजारी कुणीतरी नवं माणूस असतंच. हृदयाची झडप बदलायला सांगितलेलं असतं, तोंड उतरलेलं असतं. माझ्या छातीतली टिकटिक ऐकून विचारतात, “ताई, तुम्ही कुठली बसवली? लोखंडी का जनावराची? कुठली चांगली?” त्यांच्यासाठी हे लिहायला घेतलं आहे. कुठली चांगली ते डॉक्टर सांगतील. मला दुसरंच सांगायचं आहे.

पुसेगावच्या पुढं

लग्नाला तीन-चार वर्षं झाली होती. जिना चढताना धाप लागायची. मला वाटायचं, दिवसभर गाडीत उभी असते, त्याचा शीण असेल. आमच्याकडे बायकांना धाप लागली की ‘रक्त कमी झालंय’ म्हणतात आणि बीट खायला सांगतात. मी भरपूर बीट खाल्लं.

एका दुपारी पुसेगाव सोडलं. गाडी गच्च भरलेली. मागच्या सीटकडून तिकिटं काढत पुढं येत होते आणि डोळ्यांपुढं एकदम काळोख आला. शुद्धीवर आले तेव्हा एका म्हातारीच्या मांडीवर माझं डोकं होतं आणि ती पदरानं वारा घालत होती. कुणीतरी तोंडात गुळाचा खडा ठेवला होता. म्हातारीनं माझ्या डोळ्यांत निरखून बघितलं आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, “आगं बया, दिवस गेल्यात पोरीला!”

सगळी गाडी हसली. चांगलं हसली. ज्यांच्याशी मी मघाशी सुट्ट्यांवरून भांडले होते तेही हसले. कदममामांनी त्या दिवशी म्हसवडपर्यंत गाडी अशी चालवली, की एकाही खड्ड्यात चाक गेलं नाही. मी खिडकीशी बसले होते. पाळी दोन-चार दिवस पुढं गेलेली होती. मीही मनातल्या मनात हसले.

घरी आत्यांना सांगितलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्या लगेच उठल्या. पेटीतून जुनं मऊ लुगडं काढलं आणि त्याची दुपटी किती होतील ते वीत लावून बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि नुसत्या ऐकतच राहिल्या. मी दिवस गेल्याचं बोलत होते, त्या बोट वर करून मला गप्प बसायला सांगत होत्या. दिवस गेलेच नव्हते. पडद्यावर माझं हृदय दाखवून त्यांनी सांगितलं, की हृदयातून ज्या दारानं अंगभर रक्त जातं त्याला तीन पाकळ्या असतात. मला जन्मापासून दोनच आहेत. त्या आता कडक झाल्यात, दार पुरतं उघडत नाही, फटीतून रक्त बाहेर पडतंय. झडप बदलावी लागेल, उशीर करू नका.

मी घरी आले तेव्हा आत्यांच्या हातात कात्री होती. मी सांगितलं. त्यांनी लुगड्याची घडी घातली आणि परत पेटीत ठेवून दिली. ती घडी घालताना त्यांचे हात कसे चालत होते ते मला अजून दिसतं.

तात्या

आता तात्यांबद्दल सांगायला हवं. तात्या माझे सासरे. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, ताठ, कमी बोलणारे. निवृत्त झाल्यावर त्यांनी तुळशीची माळ घातली. मटण-मासे बंद, घरात अंडंसुद्धा नाही. संध्याकाळी हात-पाय धुऊन देवापुढं बसायचे आणि एका बोटानं गळ्यातली माळ फिरवत अभंग म्हणायचे. आवाज परेड घेतल्यासारखा.

माणूस वाईट नव्हता, उलट. मला कंडक्टरची नोकरी लागली तेव्हा भावकीत कुजबुज झाली, की सून गळ्यात पिशवी अडकवून गावोगाव फिरणार. तात्यांनी पारावर सगळ्यांना सुनावलं, “मी गळ्यात बंदूक अडकवून देशभर हिंडलो, तवा कुनाला लाज वाटली न्हाई. पिशवीची कसली लाज?”

तरी मी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नसे. त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलत नसे. गाडीत पन्नास माणसांवर डाफरणारी मी घरात शिरले की डोक्यावर पदर आणि आवाज निम्मा. कुणी सक्ती केली नव्हती. माझी आई तशी वागायची, आत्या तशा वागायच्या, मीही वागले.

नवरा तेव्हा सीमेवर. फोनला रेंज मिळवायला त्यांना टेकाडावर चढावं लागायचं. सुट्टीचा अर्ज केला होता, ऑपरेशनच्या दिवसापर्यंत पोचतो म्हणाले. “काय ठरवायचं ते ठरवा. तात्या हायती तितं,” एवढं बोलून फोन कट झाला.

टेबलावरच्या दोन झडपा

सांगलीच्या दवाखान्यात तात्या आणि मी गेलो. आत्या जनावरांसाठी घरी थांबल्या, त्या संध्याकाळी येणार होत्या. खोलीत मोठे डॉक्टर आणि त्यांच्या हाताखालच्या एक तरुण डॉक्टरीणबाई. त्यांनी टेबलावर दोन झडपा ठेवल्या. खऱ्या, नमुन्याच्या.

एक काळी, गुळगुळीत, बांगडीएवढीसुद्धा नाही. आत दोन चकत्या. बोटानं ढकललं की टक्कन वाजायच्या. दुसरी पांढरी, कापडाच्या कडेची, आत तीन मऊ पाकळ्या. ती वाजत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, काळी लोखंडाची नाही, कार्बनची असते. पण आमच्या घरात तिचं नाव लोखंडी पडलं ते पडलंच. ती जन्मभर टिकते. पण तिच्यावर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी रोज घ्यायची, जन्मभर, आणि रक्त तपासत राहायचं. पांढरीला ती गोळी कायमची लागत नाही. पण ती झिजते. दहा-पंधरा वर्षांनी, आणि तरुण वयात त्याच्याही आधी, पुन्हा बदलावी लागू शकते.

मला आमच्या डेपोतले टायर आठवले. नवा टायर घातला की कदममामा त्याला हात लावून म्हणायचे, “बाबा, किती दिस साथ देशील?” पांढरी झडप तसली.

तात्यांनी ती हातात घेतली, चष्मा वर करून पाहिली. “ही कशाची म्हनायची?”

“गाईच्या हृदयावरच्या पातळ आवरणाची,” डॉक्टर म्हणाले. “काही डुकराच्या झडपेपासूनही बनवतात.”

तात्यांनी ती झडप हळूच टेबलावर ठेवली. त्यांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. मी ते पाहिलं आणि मान खाली घातली.

मग डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, “मूल आहे का?”

“नाही.”

“पुढं हवंय ना? कारण गरोदर राहायचं म्हटलं तर...”

तात्या उठले. सुनेच्या बाळंतपणाचं बोलणं चाललेल्या खोलीत आमच्याकडे सासरा बसत नाही. “तुमचं चालू द्या,” म्हणून ते बाहेर गेले. जातानाही त्यांचा हात गळ्याशीच होता.

डॉक्टरीणबाईंनी मला सगळं नीट सांगितलं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं आणि गरोदरपणाचं पटत नाही, बाळालाही धोका आणि आईलाही. लोखंडी बसवली तरी मूल होतच नाही असं नाही. गोळी बदलून, इंजेक्शनं घेऊन काही बायका जोखीम पत्करतात, पण वाट अवघड आहे. पांढरी बसवली तर मुलाची वाट सोपी, मात्र पुढं कधीतरी पुन्हा छाती उघडायला लागेल. दोन्हीत काही मिळतं, काही जातं. “तुम्हाला काय हवंय?” त्या म्हणाल्या. “सासऱ्यांना आत बोलवायच्या आधी आणखी बोलायचं असेल तर वेळ काढते. उद्या सकाळपर्यंत सांगितलंत तरी चालेल.”

मला काय हवं होतं ते मला माहीत होतं. पेटीत ठेवलेलं ते लुगडं मला बाहेर काढायचं होतं. पण मी म्हणाले, “नको, घरचेच आहेत.” आणि त्यांनी तात्यांना आत बोलावलं.

आमच्याकडे एक रीत आहे. मोठ्या माणसानं विचारलं की लगेच आपलं मत सांगायचं नाही. आधी ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणायचं. मग मोठ्यांनी म्हणायचं, ‘न्हाई, तू सांग.’ मग सांगायचं. साडीच्या दुकानात हेच, माहेरी जायच्या दिवसाबद्दल हेच. दोन्हीकडून मान राखला जातो आणि शेवटी साडी आपल्याच पसंतीची येते.

तात्या आत आले. मान खाली असल्यामुळे मला त्यांच्या चपला आणि धोतराचा काठ दिसत होता. “काय ठरलं?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही म्हणाल तसं,” मी म्हणाले आणि थांबले.

त्या चपला थोडा वेळ तशाच उभ्या होत्या. मग तात्या म्हणाले, “लोखंडी बसवा. एकदाच काय ते. पोरीला पुन्यांदा फाडायला नगं.”

‘तू सांग’ ते म्हणालेच नाहीत. मला वाटलं होतं ते म्हणतील. डॉक्टरीणबाईंनी मला पुन्हा विचारलं, “नक्की?” मी मान हलवली. सही मीच केली, स्वच्छ अक्षरात.

तीन गोळ्यांचं खेळणं

त्या संध्याकाळी आत्या डबा घेऊन आल्या. मला त्यांना सांगता आलं असतं. उद्या सकाळपर्यंत वेळ आहे असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी मेथीची भाजी खाल्ली आणि म्हणाले, “मीठ जरा कमी पडलंय.”

ऑपरेशनच्या आधी अंगावरचं सगळं काढायला लावतात. मंगळसूत्र काढलं तेव्हा आत्यांनी ते आपल्या गळ्यात घातलं. म्हणाल्या, “रुमालात कशाला ठिवायचं? माझ्याकडं राहू दे, ऊब राहती.” मला तेव्हा फार भीती वाटत होती. मरायची नाही. परत शुद्धीवर येताना घशात नळी असेल आणि बोलता येणार नाही, असं सांगितलं होतं, त्याची. नंतर मला हसू यायचं. बोलता येत होतं तेव्हा काय दिवे लावले होते?

शुद्धीवर आले तेव्हा नळी होतीच. छातीवर कुणी पोत्यांची थप्पी रचल्यासारखं वाटत होतं. आमचे हे पोचले होते, काचेच्या पलीकडून हात हलवत होते. गणवेशातच आलेले, दाढी वाढलेली. त्यांना बघून मी रडले, तर नर्स म्हणाली, रडू नका, टाके दुखतील.

पुढच्या दिवसांत फुप्फुसांच्या व्यायामासाठी एक प्लास्टिकचं खेळणं हातात दिलं. तीन कप्पे, त्यात तीन गोळ्या. श्वास आत ओढून त्या वर उचलायच्या. पन्नास माणसांना हाक देणारी मी, मला एक गोळी उचलवेना. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. बाजूच्या खाटेवर कवठे महांकाळच्या एक आजी होत्या, माझ्या माहेरच्या तालुक्यातल्या. त्यांच्या मुलानं बेदाणे आणले होते. मी एक गोळी उचलली की आजी एक बेदाणा माझ्या तळहातावर ठेवायच्या. घरी जायच्या आदल्या दिवशी मी तिन्ही गोळ्या उचलल्या आणि आजींनी पुडीच हातात दिली. असली माणसं नसती तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

आणि ती टिकटिक. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी भिंतीवर घड्याळ शोधलं. भिंतीवर घड्याळ नव्हतं.

भांडायला कुणी नाही

गाडीवर परत गेले, पण गर्दीत सीटच्या दांड्या लागून अंगावर काळेनिळे डाग पडायला लागले. रक्त पातळ झालेलं. मग डेपोनं मला चौकशीच्या खिडकीत बसवलं. आता मी माईकवरून गाड्यांची नावं पुकारते. कदममामा म्हणाले, “हॉर्न छतावर लावला म्हना की.”

वर्षभरानं मला दिवस गेले. डॉक्टरांनी गोळी बदलली, इंजेक्शनं सुरू केली. पोटावर सुया टोचून घेताना मी हूं की चूं केलं नाही. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. तरी चौथ्या महिन्यात ते गेलं. डॉक्टरांनी पुन्हा जोखीम घेऊ नका असं स्पष्ट सांगितलं. मीही नाही घेतली. मला मूल हवं होतं, पण ह्यांना मी हवी होते.

घरात मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. डोहाळजेवणाची आमंत्रणं आत्या परस्पर दारातूनच घ्यायच्या आणि एकट्या जाऊन यायच्या. कुणी टोचून बोललं असतं तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. पण सगळे इतके चांगले वागत होते, की भांडायला कुणी सापडेना.

मग मला तात्या सापडले.

संध्याकाळी ते माळ फिरवत अभंग म्हणायला बसले की स्वयंपाकघरात माझी टिकटिक मला मोठी ऐकू यायची. मनात यायचं, या माळेपायी माझं लेकरू गेलं. गाईचं म्हटल्यावर यांचा हात माळेवर गेला. यांचा धर्म राहिला, माझी कूस रिकामी झाली. तोंडानं मी कधी काही बोलले नाही. पण त्यांचं ताट वाढायचं आणि तिथं न थांबता आत जायचं, असं मी करायला लागले. पूर्वी ते जेवताना मी गाडीतल्या गमती सांगायची आणि ते मिशीत हसायचे. ते बंद झालं. तेही माझ्याकडे बघेनासे झाले. मला वाटलं, खाई त्याला खवखवे.

अशी वर्षं गेली. एका घरात, एका चुलीवरचं खाऊन.

गाईचं चालंल

गेल्या वर्षी तात्यांना धाप लागायला लागली. वय ऐंशीच्या घरात. म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळात दर्शनाच्या रांगेत ते खाली बसले आणि त्यांना उठवेना. पुन्हा सांगली, पुन्हा तोच दवाखाना, तीच खोली. दुखणंही तेच. त्यांची झडप जन्मापासून बिघडलेली नव्हती, वयानं चुना धरून कडक झाली होती.

आमचे हे आता निवृत्त होऊन घरी आलेत, पण तात्या म्हणाले, “वैशालीला संगं घ्या. तिला ठाव हाय समदं.” खोलीत आम्ही तिघं. डॉक्टर म्हणाले, या वयात छाती उघडण्यापेक्षा मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून झडप बसवता येईल. तिथं लोखंडी बसत नाही. ही मऊच असते, आणि त्यांच्या वयाला ती पुरेल.

“गाईची?” मी विचारलं. मुद्दामच विचारलं.

“हो, गाईच्याच आवरणाची.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. “वैशाली म्हनंल तसं.”

मला एवढा राग आला, की टाक्याची जुनी खूण खाजायला लागली. मी म्हणाले, “न्हाई तात्या. तुमी सांगा.” मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. माळकरी माणूस आपल्या हृदयात गाय बसवून घेतो का, ते बघायचं होतं.

तात्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “चालंल की. गाईचं चालंल मला.”

बाहेर व्हरांड्यात आल्यावर माझा बांध फुटला. ह्यांना मी औषधं आणायला पाठवलं आणि तात्यांसमोर उभी राहिले. पहिल्यांदाच डोळ्याला डोळा देऊन. “तुमाला चालतंय! माझ्या वक्ताला न्हाई चाललं? तवा माळ आडवी आली, आन आता कुटं गेली माळ?”

तात्या बाकावर बसले. मला वाटलं, ओरडतील. ते हळू आवाजात म्हणाले, “माळ आडवी आली, असं तुला वाटलं व्हय?”

“मी बगितलं की. गाईचं म्हनल्यावर तुमचा हात माळंवर गेला.”

“गेला. काढायला गेला.” ते थांबले. धाप लागत होती. “मला ठाव हुतं, तू माझ्या माळंकडं बघून गप बसशील. म्हून डाक्टरीनबाई बोलत हुत्या तवा भाईर आलो, हितंच, ह्याच व्हरांड्यात माळ काढली आन खिशात घातली. म्हनलं, पोरीनं गाईचं म्हनलं तर माझा अडसर नगं. मग आत आलो. तू म्हनलीस, तुमी म्हनाल तसं. मला वाटलं, तू गळा बगितला असशील. तरी बी माझ्यावर सोडलंस, म्हंजी तुला पुन्यांदा फाडून घ्यायची भीती वाटत असंल. मी आपलं तुला दोनदा कापू नये म्हून लोखंडी म्हनलो.”

“आन लेकराचं?”

“त्ये मला कोन बोललं? मी तर उठून गेल्तो. लेकरू गेलं तवा कळलं गोळीचं. तवापास्नं तुझ्याकडं बघायचं धाडस झालं न्हाई, पोरी. आन तूबी ताट ठिवून आत जायला लागलीस, तवा म्हनलं, बरोबर हाय हिचं.” त्यांनी डोळे पुसले. “त्या वक्ताला ‘न्हाई, तू सांग’ म्हनायचं असतंय, त्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाई बग. दवाखान्यात रीत कुटली सुचायला?”

मी त्यांच्याशेजारी बसले. सासऱ्याशेजारी बाकावर, खांद्याला खांदा लावून. रडले. माझ्या लेकरासाठी रडले, आणि या माणसाच्या ताटाशी मी थांबले नाही त्या सगळ्या वर्षांसाठी रडले. त्यातलं काहीच आता परत येणार नव्हतं.

बाकावरच्या नव्या माणसांना

तात्यांची झडप बसली. चौथ्या दिवशी चालत घरी आले. त्यांची वाजत नाही. आता ते जेवतात तेव्हा मी समोर बसते आणि चौकशीच्या खिडकीतल्या गमती सांगते. ते मिशीत हसतात. पण जो वेळ गेला तो गेला. कधी बोलता बोलता दोघंही गप्प होतो आणि मधे माझी टिकटिक ऐकू येते. मग ते भाकरीचा तुकडा मोडतात आणि मी आमटी वाढते.

लोखंडी झडपेला मी नावं ठेवत नाही. तिनं मला इतकी वर्षं जगवलंय आणि पुढंही जगवेल. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं विचार करून हीच निवडली असती, आणि ते बरोबरच ठरलं असतं. मी मात्र निवडलीच नाही.

म्हणून बाकावर शेजारी बसलेल्यांना मी एवढंच सांगते. डॉक्टर विचारतील तेव्हा हवं ते तोंडानं बोला, चुकीचं वाटलं तरी बोला. आणि मान वर करून आपल्या माणसाकडे एकदा नीट बघा. त्या दिवशी मी वर बघितलं असतं, तर मला तात्यांचा मोकळा गळा दिसला असता.